सत्तावीस नंबरचा नॅपकिन

...आणि वरून मलेच म्हणते, "लाजायचं काय त्यात?" म्हणजे पाहा तुम्ही! ज्याले लाज वाटाले पाहिजे तो तिकडे गोदामात बोऱ्यांवर पाय पसरून मोबाईल पाहून राहिला, आणि मी इकडे दवाखान्याच्या खाटेवर पालथा, पॅन्ट अर्धी खाली, तोंड उशीत... आणि सिस्टर म्हणते, "लाजायचं काय त्यात, आम्ही रोज पन्नास बघतो." अहो मॅडम, तुम्ही पन्नास पाहत असान, पण मी तं पहिल्यांदाच दाखवून राहिलो ना!

थांबा, असं नाही. सुरुवातीपासून सांगतो. पहिले हे सांगा, वाडीचं कोणी बसलं आहे का इथं? अमरावती रोडवरचं, ट्रान्सपोर्टवालं? नाही ना? नक्की? असन तं त्यानं कानात बोटं घाला. कारण ज्याची गोष्ट आहे त्याचं खरं नाव मी सांगणार नाही, शब्द देऊन बसलो. त्याले आपण प्रीतम म्हणू. समजा प्रीतम. त्याच्या बायकोले समजा प्रीती. माहं नाव मात्र खरं, रोशन. माहं काय लपवाचं? माहं तं भिंतीवर लागलं होतं.

वाडीले एका गोदामात मी काम करतो. पार्सल आलं का त्याच्यावर ब्रशनं गावाचं नाव टाकाचं. गोंदिया, बालाघाट, रायपूर, टाटानगर... मी स्वतः गोंदियाच्या पुढे कधी गेलो नाही, पण माहं अक्षर कलकत्त्यापर्यंत जाऊन आलं. नववीत शाळा सुटली. काहून सुटली? सुईपायी! हसू नका. शाळेत लस देणारे आले, मी मुतारीच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली. दोन दिवस गेलोच नाही, मंग दोन आठवडे, मंग वर्गात जाची लाज वाटाले लागली, मंग नावच कटलं. एका सुईपायी मी शाळा सोडली, तुम्हाले सांगतो, आणि त्या सुईनं असा बदला घेतला माह्यावर...

प्रीतम आमच्याच गोदामाच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर. रायपूर लाइन. माणूस दिलाचा चांगला. हे मी मनापासून सांगतो, कारण पुढे तुम्हाले तसं वाटणार नाही. माह्यासाठी तो काही भी करते. आणि मुसीबत तीच आहे, का तो माह्यासाठी काही भी करते.

आमच्या गोदामात एक रिवाज आहे. सकाळी आठले मॅनेजर रजिस्टर घेऊन बसते आणि नावं घेते. जो आला नसन, त्याच्या नावानं दुसरा कोणी "हाजिर!" म्हणते. कोणी उशिरा येते, कोणाचं लेकरू बिमार असते, मंग काय त्याची रोजी कटू द्याची का? प्रीतम माह्या आवाजात "हाजिर" म्हणते, बारीक, मांजराच्या पिल्लावाणी. मी त्याच्या आवाजात म्हणतो, जाड. मॅनेजरले माहीत नाही असं नाही. त्याले वर चाळीस दाखवाचे असते, चाळीस आवाज आले का तो रजिस्टर बंद करते. कोणाचा आवाज कोणाच्या गळ्यातून आला याच्याशी त्याले काही घेणंदेणं नाही.

तं अशा गोदामात आलं तपासणीचं शिबिर.

एक संस्था आहे, ट्रकवाल्या लोकाइची तपासणी करते. गुप्तरोग, एचआयव्ही, सगळं. काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही मी. त्याइचे आमच्या भागातले माणूस म्हणजे रुपरावभाऊ. आता रुपरावभाऊचा आवाज! पाच ट्रक चालू असू द्या, सहाव्या ट्रकच्या पलीकडून ऐकू येते. आणि या माणसाले काम काय दिलं? गुप्तता राखाचं!

"भाऊ हो! नाव गुप्त राहीन! चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर! रक्त द्या, नॅपकिन घ्या! गुप्तरोग आहे तं आहे, लाजाचं काय आहे त्याच्यात?"

आणि मॅनेजर म्हणते, "सेठचा फोन आला. चाळीसच्या चाळीस झाले पाहिजे." त्यानं लगेच यादी केली. नंबर, नाव, नॅपकिन मिळाला, सही. आणि ती यादी कुठी चिकटवली? पाण्याच्या कॅनच्या वर! का तं नॅपकिन कोणी दोनदा नेऊ नये. म्हणजे त्या संस्थेनं नाव लपवाले नंबर दिला, आणि आमच्या मॅनेजरनं नॅपकिन वाचवाले नंबरासमोर नाव लिहिलं. सत्तावीस नंबर, रोशन.

मी तं सुई पाहूनच थंडा. टेबलावर त्या बारक्या शिशा, लाल, लाल... मी मागच्या मागे सरकून राहिलो, तेवढ्यात प्रीतम आला.

"काहून घाबरून राहिला बे?"

"मले नाही जमणार गा."

"अबे मंग मी देतो ना तुह्या नावानं! हजेरी नाही लावत का मी तुही?"

आणि गेला! सत्तावीस नंबरवर बसला, बाही वर केली, रक्त दिलं, नॅपकिन घेतला. पांढरा नॅपकिन, त्याच्यावर निळ्या अक्षरात 'सुरक्षित राहा'. तो भी त्यानंच ठेवला! मंग स्वतःच्या एकतीस नंबरवर बसाले गेला, तं रक्त घेणारी मॅडम म्हणते, "तुमचं झालं ना? कोपराला कापूस आहे." हा म्हणते, "हो हो, झालं, झालं." आता एकतीस रिकामा. मॅनेजर तिकडून ओरडून राहिला, एकतीस कोण, एकतीस कोण. मंग पोट्ट्याइनं कोणाले बसवलं? चहावाल्या कवडूकाकाले! साठ वर्षांचा माणूस, माळकरी, चहाचे गिलास बाजूले ठेवून बसला आणि प्रीतमच्या नावानं रक्त देऊन आला.

ध्यानात राहिलं ना? प्रीतमच्या नावावर कवडूकाकाचं रक्त. माह्या नावावर प्रीतमचं रक्त. आणि माहं रक्त माह्याच अंगात, सुरक्षित. मी खूश! एक सुई वाचली!

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुपरावभाऊ गोदामाच्या दारात उभे.

"सत्तावीस नंबर कोण आहे, भाऊ? नाव नाही विचारत मी, नाव गुप्त आहे! फक्त सत्तावीस नंबरनं बाहेर या! रिपोर्टमध्ये थोडं निघालं आहे!"

तुम्हाले सांगतो, चाळीस माणसांची मुंडी एकदम पाण्याच्या कॅनकडे फिरली. मंग माह्याकडे. कोणाच्या हातातली भाकर हातातच राहिली. माह्या बाजूले बसलेल्यानं आपला डबा... सरकवला. थोडासा. चार बोटं.

बाहेर नेऊन रुपरावभाऊ माह्या खांद्यावर हात ठेवते. "सिफिलिस निघाला बेटा. आपल्याकडे गरमी म्हणते त्याले. दवा आहे, पूर्ण बरा होते. लाजाचं काय आहे त्याच्यात?" हे ते 'हळू' बोलले. रस्त्याच्या पलीकडचा पंक्चरवाला मले पाहाले लागला!

आणि हे कधी? माह्या साखरपुड्याले दीड महिना बाकी असताना!

हो, ते सांगाचं राहिलं. आमच्या इथं वजनकाट्यावर धोंडबामामा आहे. त्याइची भाची दीक्षा, सक्करदऱ्याची. बारावी शिकलेली, एका दुकानात बिलिंगले बसते. मामानं मले दोन वर्षं पाहिलं. काट्यावरचा माणूस, सगळ्याले तोलून पाहते. म्हणते, पोरगा कमी शिकलेला आहे पण पान नाही, बिडी नाही, पोट्टीकडे मान वर करून पाहत नाही. खरं आहे. मी दीक्षाकडे भी मान वर करून पाहिलं नव्हतं. पाहाले गेलो तं तिच्या हातातले पोहेच पाहिले. मंग तिनंच फोन केला, "तुम्ही बोलत काहून नाही?" मी म्हटलं, "बोलतो ना." आणि पुढे पंधरा मिनिटं तीच बोलली. मले इतकं बरं वाटलं, तुम्हाले सांगतो... कोणी असं आपल्यासाठी बोलते म्हणजे...

जाऊ द्या.

मी प्रीतमले गाडीच्या मागे नेलं. "काय केलं बे तू?"

तो पहिले हसला. मंग पांढरा पडला. मंग टायरजवळ खालीच बसला. "एकदाच गा. रायपूर लाइनवर. एकदाच. मंग एक फोड आला होता, तो आपोआप गेला. मले वाटलं, बरं झालं."

"वहिनीले कितवा महिना आहे?"

"पाचवा."

आता तुम्ही म्हणान, मंग तेव्हाच त्याले कॉलर धरून दवाखान्यात काहून नाही नेलं? अहो, मी तेच म्हटलं! तं हा म्हणते, "तूच जाऊन ये ना. कागदावर तुहं नाव आहे. मी गेलो तं मले कोण दवा देईन? माहा रिपोर्ट तं साफ आहे! तू जा, ज्या गोळ्या देतील त्या मले आणून दे." आणि मी विचार केला... बरोबर आहे याचं! हे आमचं डोकं. दहा वर्षं हजेरी लावून लावून तयार झालेलं डोकं.

गेलो. मोठा सरकारी दवाखाना, पहिला माळा, लांब गल्ली. रांगेत वीस-पंचवीस माणसं, आणि सगळे भिंतीकडे तोंड करून उभे! भिंतीवर काय आहे? क्षयरोगाचं पोस्टर. असं वाचून राहिले सगळे जसं परीक्षेले येणार आहे. मी भी वाचलं. अजून पाठ आहे. दारावरचा माणूस ओरडते, "स्किनवाले इकडे, गुप्तरोगवाले तिकडे, गुप्तरोगवाल्यांनी पुढे सरकून घ्या!" कोण सरकणार? सगळे एकदम हात खाजवाले लागले. बावीस माणसं, सगळी स्किनची!

मंग समुपदेशनाची खोली. प्रेमलता मॅडम. केस पिकलेले, चष्मा, आवाज मऊ. टेबलावर एक लाकडाचं... ते असते ना, निरोध कसा वापराचा ते दाखवाले... मी खिडकीकडे पाहत बसलो.

"शेवटचा संबंध कधी आला?"

"कोणाशी?"

"कोणाशीही."

"आलाच नाही."

"रोशन, लाजू नका. इथलं बाहेर जात नाही. किती जोडीदार?"

"एक. दीक्षा. पण तिच्याशी तसं काही नाही जी. एकदा पाणीपुरीची प्लेट देताना बोट लागलं."

मॅडमनं चष्म्यावरून पाहिलं. मंग मी सगळी ताकद लावून सांगितलं, "मॅडम, ते रक्त माहं नाही." आणि मॅडम किती मायेनं हसल्या, सांगू! म्हणे, "पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. कोणी म्हणतं संडासातून झालं, कोणी म्हणतं उष्णतेनं झालं. रक्त माझं नाही म्हणणारे तुम्ही पहिले, पण चालेल. लाजायचं काय त्यात?"

पाहा! जिंदगीत पहिल्यांदा मी तोंड उघडून खरं बोललो, आणि त्या बाईनं मले माफ केलं!

डॉक्टर साहेबानं मान वर न करता लिहिलं. "आज परत रक्त घ्या. पण इंजेक्शन आजच द्या, हे लोक पुन्हा येत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, गोळ्या द्या ना, घरी घेऊन जातो." साहेब म्हणते, "गोळ्या नाहीत याला. इंजेक्शन. कमरेखाली, दोन्ही बाजूंना."

दोन्ही बाजूंना!

पहिले रक्ताची सुई. एक. मंग हातावर एक बारकी सुई, का दवा अंगाले चालते का नाही. दोन. मंग अर्धा तास बाकावर बसवलं. त्या अर्ध्या तासात मी पळू शकत होतो, पण मुतारीची भिंत फारच उंच होती. मी पाहून आलो. मंग खाट, उशी, सिस्टर, पन्नास बघतो... तीन. चार. अरे बाप्पा! ती दवा पातळ नसते हो, घट्ट असते, दह्यावाणी, अंगात जाता जाता आपलं नाव घेत जाते. नाव माहं, रक्त त्याचं, आणि ढुंगण...? ढुंगण पण माहंच!

चक्कर येऊन पडलो ते वेगळं.

लंगडत गोदामात आलो तं प्रीतम दारात. "आणल्या का गोळ्या?"

"गोळ्या नसते त्याले. इंजेक्शन असते."

"मंग?"

"मंग काय? लागलं."

"कोणाले?"

"मले!"

आणि तुम्हाले सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद! "म्हणजे झालं ना गा! कागदावर तं ट्रीटमेंट पूर्ण झाली! आता कोणाले काय?" मले मिठी मारली त्यानं. मी बोंबललो, दुखत होतं. "अबे रोग तुह्या अंगात आहे!" तं म्हणते, "नाही बे, माहा रिपोर्ट साफ आहे," आणि खिशातून काढला. लॅमिनेशन केलं होतं! कवडूकाकाच्या रक्ताचा रिपोर्ट, लॅमिनेशन करून, आधार कार्डाच्या बाजूले!

पुढच्या आठवड्यात मले परत बोलावलं. प्रेमलता मॅडमच्या समोर दोन कागद. एकात रोग, एकात काहीच नाही, आणि त्याच रक्ताची मोठ्या लॅबले पाठवून केलेली दुसरी तपासणी, ती भी साफ. मॅडमनं चष्मा काढला. उठल्या आणि दार लावून घेतलं. या खेपेले नाही म्हटलं त्याइनं, लाजायचं काय म्हणून. एवढंच विचारलं, "रोशन, ते रक्त खरंच तुमचं नव्हतं?"

"नाही जी."

"ज्याचं होतं त्याचं लग्न झालं आहे?"

"हो जी. आम्ही एकमेकाची हजेरी लावतो ना, तसंच त्यानं माह्या नावानं रक्त दिलं. बायकोले पाचवा महिना आहे. सहावा लागून राहिला."

मॅडमनं दोन्ही कागद एकमेकावर ठेवले. मंग सांगितलं. हा रोग बाईला होतो, बाईकडून पोटातल्या लेकराला होतो. पोटातच दगावते कधी, कधी जन्माला येते ते आजार घेऊनच येते. पण वेळ आहे अजून. दोघांना इंजेक्शन मिळालं तर लेकरू वाचते. "मी नाव विचारत नाही. तुम्ही फक्त त्यांना आणा. बाईशी मी बोलीन. त्याला म्हणावं, हजेरी दुसऱ्याची लावता येते, लेकराची नाही."

मी प्रीतमले सांगितलं. तो लॅमिनेशन दाखवून राहिला. मी परत सांगितलं, तो गाडी घेऊन रायपूरले गेला. आला, परत सांगितलं, म्हणते, "उद्या." उद्या, उद्या करत सहावा महिना लागला. मंग मी... मी, तुम्हाले सांगतो, जो कधी कोणाच्या बायकोशी नमस्काराच्या पुढे शब्द बोलला नाही... मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता. प्रीतीवहिनीनं चहा दिला. मी चहा प्यालो. दुसरा दिला. तो भी प्यालो. तिसऱ्याले वहिनी म्हणते, "भाऊ, काही बोलाचं आहे का, का चहाच प्याचा आहे?"

मी बशीकडे पाहून म्हटलं, "वहिनी, तुम्ही रक्त तपासून घ्या. एक तपासणी असते."

"गरोदरपणाच्या कार्डावर लिहून आहे ना ती. पण त्या दिवशी तिथं किट संपली होती म्हणे, मंग या म्हटलं." आणि ती थांबली. माह्याकडे पाहिलं. मंग खाटेकडे पाहिलं. प्रीतम जमिनीवरच्या फरश्या मोजून राहिला होता. वहिनीचा हात आपोआप पोटावर गेला. "काहून भाऊ? काय झालं? ...काय झालं वो, तुमी काहून खाली पाहून राहिले?"

आणि तो रडाले लागला. एवढा मोठा माणूस, बारा चाकांची गाडी चालवणारा.

वहिनी रडली नाही. ती उठली, कार्ड काढलं, पिशवीत टाकलं, आणि म्हणे, "उद्या किती वाजता उघडते?"

गेलो तिघं. मी बाहेर क्षयरोगाच्या पोस्टरसमोर, वहिनीची पिशवी धरून. तिच्या रक्तात भी निघालं. दोघाइले इंजेक्शन, आठवड्याच्या आठवड्याले, तीन खेपा. प्रीतम आतून असा बोंबलला का रांगेतले तीन जण स्किनमध्ये निघून गेले. आणि मले... मले वाईट नाही वाटलं. खोटं काहून सांगू?

बाहेर निघताना वहिनी पायरीवर थांबली. "भाऊ, एक मागते. बाहेर नका सांगू. माहे दोन्ही भाऊ याले जितं नाही ठेवणार, आणि मले माहेरी नेऊन बसवतील. माहा याच्यावरचा राग माह्याजवळ आहे, तो मी पाहून घेईन. पण लेकराले बाप राहू द्या."

मी म्हटलं, "बरं." मी नेहमीच बरं म्हणतो.

आणि इकडे पाण्याच्या कॅनवर यादी तशीच! सत्तावीस नंबर, रोशन! गोदामात माहा पाण्याचा गिलास वेगळा झाला. माह्या ब्रशले कोणी हात लावेना. मंग एक दिवस धोंडबामामानं मले काट्यावर बोलावलं. मी उभा राहिलो तं मागे माहंच वजन लागलं पडद्यावर. मामा म्हणते, "पोरा, मी आयकलं ते खरं आहे का?"

"नाही मामा."

"मंग रामदासपेठेतल्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट आण. सरकारी नको."

पाचवी सुई. एसीत. सुई तीच असते हो, फक्त पोचते थंडी. रिपोर्ट आला, साफ, चकचकीत कागद. मामानं पाहिला, उलटा करून पाहिला. "आता साफ आहे. मंग पहिला कोणाचा होता? रुपराव तं खोटं नाही बोलणार."

मी काट्यावर उभा. मागे पडद्यावर आकडा हलून राहिला, कारण मी या पायावरून त्या पायावर होत होतो. "येतो मामा" म्हटलं आणि खाली उतरलो.

त्याच रात्री दीक्षाचा फोन आला. "मामानं दिला तो रिपोर्ट वाचला मी. दुकानातल्या एका ताईची मुलगी नर्सिंग शिकते, तिनं समजावून सांगितला. हा रोग बरा झाला तरी रक्तात खूण राहते म्हणे, तुमच्या रक्तात ती नाही. तुम्हाले काही नाही आणि कधी नव्हतं भी. मले तुमच्यावर शक नाही. फक्त एवढं सांगा, तो पहिला कागद कोणाचा?"

पाहा ना! ती तं अर्धी गोष्ट स्वतःच सोडवून बसली होती! एक नाव फक्त. दोन अक्षरं, तीन अक्षरं. माह्या डोळ्यासमोर वहिनीचा तो पोटावरचा हात. मी म्हटलं, "ते नाही सांगता येत."

"मले भी नाही?"

"..."

"मी बाहेर सांगीन असं वाटते का तुम्हाले?"

"..."

तुम्ही म्हणान, सांगून टाकाचं होतं. मले भी आता तेच वाटते. ती कोणाले सांगणारी नव्हती. पण तेव्हा माह्या तोंडातून आवाजच निघाला नाही. चाळीस जणांच्या आवाजात 'हाजिर' म्हणता येते मले, माह्या आवाजात मले काही म्हणताच येत नाही.

मंग ती म्हणे, "मले रोगाची भीती नव्हती वाटली हो. तुम्ही चूप राहता ना, त्याची वाटून राहिली." आणि फोन ठेवला. साखरपुडा मोडला. ज्यानं केलं त्याचा संसार वाचला. मी केलंच नाही, तं माहा सुरूच नाही झाला. मले पाच सुया. नाव माहं, रक्त त्याचं!

दीक्षाचं झालं जमून दुसरीकडे, उमरेडचा मुलगा आहे. बोलका आहे म्हणे.

आणि प्रीतीवहिनीले मुलगा झाला. भल्ला गुटगुटीत. त्याची भी तपासणी झाली, साफ. खरी साफ, त्याच्याच रक्ताची. प्रेमलता मॅडमनं मले फोन करून सांगितलं, "रोशन, बाळ एकदम ठीक आहे." मी गोदामात होतो. रायपूरच्या पार्सलवर बालाघाट लिहून बसलो. डोळ्यात पाणी आलं तं काय दिसणार?

मागच्या महिन्यात नामकरण होतं. सगळं गोदाम आलं. मॅनेजर आला, कवडूकाका आले, धोंडबामामा आले, ते माह्याकडे न पाहता जेवले. रुपरावभाऊ तं होतेच. मी कोपऱ्यात उभा. वहिनीनं मले पुढे बोलावलं, लेकरू माह्या हातात दिलं. पोरानं लाळ गाळली माह्या शर्टावर, तं प्रीतमनं खांद्यावरचा कपडा काढून पुसली. मी पाहिलं. पांढरा नॅपकिन, निळी अक्षरं, 'सुरक्षित राहा'. सत्तावीस नंबरचा! माहा नॅपकिन!

मंग बौद्धाचार्यांनी वंदना घेतली. बायका पाळण्याभोवती जमल्या. वहिनी वाकली, लेकराच्या कानात नाव सांगितलं, आणि उभी राहून माह्याकडे पाहाले लागली. डोळे भरून. मले काही समजेना. रुपरावभाऊ मागून ओरडले, "नाव काय ठेवलं वं, पोरी? जोरात सांगा, लाजाचं काय आहे त्याच्यात?"

आणि प्रीतम, छाती काढून, सगळ्याइसमोर, पूर्ण आवाजात म्हणे, "रोशन!"

नाव माहं. रक्त त्याचं.

सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. गोदामातला एक जण हळूच म्हणे, "अबे दुसरं नाव नाही भेटलं का? गरमीवाल्याचं ठेवलं." वहिनीनं ते ऐकलं, तिचे ओठ हलले, आणि मी मान हलवली, राहू द्या म्हणून. तिकडे प्रीतम परत ओरडला पाळण्यात वाकून, "रोशन! ए रोशन!" लेकरू झोपलेलं. त्याले काय माहीत कोणाले बोलावून राहिले?

मंग काय करणार? आदत पडली आहे ना.

मी म्हटलं, "हाजिर."